गंधपुरा

नखानं दाबून बघितलं. उमटलं नाही.
जरा वाकवली तर कडेचा कपचाच उडाला.
कार्बोरेटर आणि एअर फिल्टर यांच्या मधली
चार बोटांची ही रबरी नळी,
हिच्यापायी एकोणऐंशी सालची येझदी
भलतीकडूनच हवा ओढते आणि खोकत राहते
सहकारनगरच्या पार्किंगमध्ये, रोज संध्याकाळी.
वरून टिळेकरकाका खिडकी लावून घेतात.

नाना पेठेत नवी मिळते. दोनशे ऐंशी रुपये.
मुनीर बागवान ती काउंटरवर ठेवतात
आणि स्वतःच परत आत टाकतात.
"दुसऱ्या पावसाळ्यात चिकट होते. गुळासारखी.
जुन्या रबरात जीव असतो, ताई,
तेल तेवढं उडालेलं असतं.
रविवार पेठेतून गंधपुऱ्याचं तेल घ्या.
एकास तीन, स्पिरिटमध्ये. आणि घाई नको."

गंधपुरा म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट.
एकोणीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
मी पोरांपुढे हेच मांडते:
सॅलिसिलिक ॲसिड, मेथनॉल, वरून सल्फ्युरिकचे चार थेंब,
वास लांबून घ्या, हातानं वारा घालून.
मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी,
"मॅडम, बाम!"
बाटलीभर तेल मात्र मी पहिल्यांदाच विकत घेतलं.

लोणच्याची रिकामी बरणी.
तीत नळी, पेट्रोलच्या कॉकचं वॉशर, दोन बुश.
पलंगावरून आई: "गुडघ्याचं तेल ना ते?
फटफटीला घालतेस?"
मग बराच वेळ काही नाही.
मग, "वाटीभर माझ्यासाठी ठेव."
ठेवलं, तिळाच्या तेलात पातळ करून.
त्या रात्री कुठल्या खोलीत काय भिजतंय
ते वासावरून कळेना.

दुसऱ्या दिवशी बरणीत कोरा चहा.
तिसऱ्या दिवशी नळी फुगली,
व्हर्नियरवर छत्तिसाची एकोणचाळीस.
घाबरून मुनीरभाईंना फोन.
"फुगणारच. काढा, सावलीत ठेवा.
सुजलेलं मापायचं नसतं."

ओसरली. सदतिसावर थांबली,
एक मिलिमीटर तिनं हट्टानं ठेवून घेतला.
नख रुतलं. चंद्रकोर उमटली
आणि मी बघत असतानाच सावकाश भरून आली.

किकचं रबर राहिलं होतं.
येझदीला किक आणि गिअर एकच दांडी, डाव्या अंगाला.
तिच्यावर बुटानं पाडलेला खड्डा.
आरसी बुकात पहिलं नाव फ्रेडरिक डायस,
रेल्वे क्वार्टर्स, घोरपडी.
माणूस मी पाहिला नाही, गाडी मला चौथ्या हाताची.
पण खड्डा तिरका आहे, बाहेरच्या बाजूला जास्त खोल,
म्हणजे पाय फेंगडा टाकत असणार,
आणि त्यालाही ही एका किकेत कधी दाद देत नसणार.
चिमट्यात धरून बरणीवर नेलं.
भिजलं तर फुगेल, खड्डा बुजेल.
हात भरून येईपर्यंत तसंच धरलं.
मग फडक्यानं पुसलं
आणि होतं तसं, दगड, परत दांडीवर चढवलं.

रविवारी क्लिप आवळली. चोक ओढला.
माझा पाय त्या खड्ड्यात बसत नाही,
दर किकेला घसरतो.
सातवीला धरली.
धरली आणि धरूनच राहिली. खोकली नाही.
टिळेकरकाकांनी खिडकी उघडली:
"कुणाचं काय दुखतंय हो?
जिनाभर बामाचा वास येतोय."

किती टिकेल, विचारलं होतं.
"वर्ष. दीड. मग पुन्हा भिजवायची,"
मुनीरभाई म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

काळं पाणी ओतून दिलं नाही.
लॅबच्या सवयीनं बरणीवर चिठ्ठी चिकटवली:
तारीख, प्रमाण,
आणि खाली, आईसाठी, मोठ्या अक्षरात,
लोणचे नाही.